दोनशे बायकांची मापं

सर समाजशास्त्र शिकवायचे आणि टेलरबाई कपडे शिवायच्या. दोघांचा धंदा एकाच खोलीत चालायचा, ही त्या संसारातली मुख्य अडचण.

घराची पुढची खोली तशी मोठी. खिडकीपाशी बाईंचं शिलाई मशीन, त्याला लागून कापड बेतायचं लांब टेबल, आणि आतल्या भिंतीकडे सरांची खुर्ची नि तिच्यासमोर दोन बाकं. सर सकाळी कॉलेजात जात आणि संध्याकाळी पाच ते सात या बाकांवर पहिल्या वर्षाची दहा-बारा पोरं-पोरी शिकवणीला बसवत. सर वहीतून मजकूर सांगत, पोरं उतरवून घेत, आणि बाई त्यांच्याकडे पाठ करून मशीन चालवत. असं बावीस वर्षं चाललं होतं. वही तीच होती. तिची पानं सुटली तेव्हा बाईंनीच जाड दोऱ्यानं ती दोनदा शिवून दिली होती.

तेव्हा समाजशास्त्राची तोंडओळख बाईंना पाठ झाली नसती तरच नवल. 'समाज हे एक शरीर आहे. प्रत्येक अवयव आपापलं काम करतो म्हणून ते चालतं,' हा पहिला सिद्धांत. हा सुरू झाला की गणवेशांची गर्दी आली, असं बाई समजत. हा सरांचा लाडका होता. त्या शरीरातलं डोकं आपण, याबद्दल सरांना कधी शंका आली नाही. बाईंच्या हिशेबी ते पोट होते. दुसरा सिद्धांत झगड्याचा. ज्याच्या हाती साधनं त्याच्या हाती सत्ता, आणि बाकीच्यांचा त्याच्याशी झगडा. हा मात्र सर खालच्या आवाजात आणि भराभर सांगून मोकळे होत. खोलीतलं एकमेव साधन त्यांच्या समोरच खडखडत असे, म्हणूनही असेल. तिसरा असा, की माणसं एकमेकांशी वागता-बोलता गोष्टींना अर्थ देतात. तो सर गाळत. "परीक्षेला येत नाही," म्हणत.

सगळ्यात शेवटी, परीक्षा चार दिवसांवर आली की संशोधनाच्या पद्धती. प्रश्नावली, मुलाखत, नमुना, निरीक्षण. निरीक्षणावर सर पावणेदोन पानं सांगायचे. त्याच सरांना खालच्या मजल्यावर नऊ वर्षं राहणाऱ्या कुटुंबात माणसं किती असं विचारलं असतं, तर "खाली कुणी राहतं का?" असं त्यांनी उलट विचारलं असतं.

लग्न ठरलं तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या. शिवण त्यांना आत्यानं शिकवलेलं, लाकडी पट्टीनं बोटांच्या पेरांवर मारून मारून. टाका तिरका गेला की पट्टी. रडलं की आणखी एक. त्या घरातून निघून समाज कसा चालतो हे जाणणाऱ्या माणसाकडे आपण चाललो, याचा त्यांना केवढा अभिमान वाटला होता! वर्षभरात तो उतरला. या माणसाला समाजाची व्याख्या येत होती, पण दारात कुणी आलं तर 'बसा' म्हणायचं असतं हे ठाऊक नव्हतं. तहान लागली तर तो "पाणी" एवढंच म्हणायचा, कुणाला उद्देशून नाही, हवेत. आणि पाणी यायचं. ते कुठून येतं याचा त्यानं कधी शोध घेतला नाही.

बाई भांडल्या नाहीत. भांडायला समोरच्याबद्दल थोडी तरी आशा लागते. त्यांनी दुसरंच काढलं. कापड बेतताना त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत. सरांनी काही भारदस्त वाक्य टाकलं, की बाई ओठ तसेच मिटून डावी भुवई हळूच वर उचलत. टेबलाखाली चिंध्यांची बाहुली घेऊन बसलेली त्यांची लेक ते बघायची आणि फिसकन हसायची. मायलेकींची ही गंमत वर्षानुवर्षं चालली. सरांना त्याचा पत्ता नव्हता. कशाचा होता!

बावीस वर्षांनी कॉलेजातल्या विभागप्रमुखांची जागा रिकामी झाली. ती हवी असेल तर स्वतःचं एक तरी संशोधन दाखवा, असं सरांना वरून कळवण्यात आलं. सर दोन दिवस पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विषय ठरवला: मातांकडून मुलींचं होणारं सामाजीकरण. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली छापून आली. सतरावा प्रश्न होता, 'मुलीला घरकामाचे वळण लावताना आपणांस समाधान वाटते का?' आणि चाळिसावा, 'मुलीला आपण दिलेली सर्वांत महत्त्वाची शिकवण कोणती?' नमुना दोनशे मातांचा.

पहिल्या दिवशी सर स्वतः निघाले. टाय लावून. पहिल्या दारातल्या बाईनं त्यांना पाण्याचं मीटर दाखवलं. दुसरीनं कागद आत नेला आणि चाळीसही प्रश्नांपुढे 'हो' लिहून परत दिला, चाळिसाव्यापुढेसुद्धा. तिसऱ्या दारात कुत्रा होता. सर घरी आले ते लंगडत. नवे बूट चावले होते. ते खुर्चीत बसून टाच चोळायला लागले तेव्हा बाईंना पहिल्यांदाच वाटलं, की या माणसाला कोमट पाण्याचं घमेलं आणून द्यावं. त्या उठल्यासुद्धा.

तेवढ्यात सर म्हणाले, "लोकांची पातळीच नाही."

बाई परत बसल्या.

मग सरांनी विद्यार्थ्यांना पाठवलं. त्यांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून एका दुपारी साठ माता तयार केल्या. त्यातल्या अकरा मातांची वयं लेकींपेक्षा कमी निघाली, तेव्हा ते गाठोडं टाकून द्यावं लागलं. शेवटी सर टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"तुझ्याकडे बायका येतातच," ते म्हणाले. "तूच का भरून घेत नाहीस? काही अवघड नाही. विचारायचं आणि खूण करायची. पेन्सिलीनं कर, म्हणजे चुका सुधारता येतील."

"मला जमेल?" बाईंनी विचारलं.

"प्रयत्न करून बघ," सर उदारपणे म्हणाले.

बाईंनी होकार का दिला, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. बावीस वर्षांत या माणसानं चहापाण्याखेरीज काही मागितलं ते हे पहिलंच. आणि खरं सांगायचं तर त्यांना उत्सुकताही होती.

त्यांनी प्रत्येकीला आधी सांगितलं, "सरांच्या कामासाठी थोडं विचारायचंय. नाव कुठे येणार नाही. नको असेल तर नको म्हणा." चार-पाच जणी नको म्हणाल्या. बाकीच्या स्टुलावर उभ्या राहिल्या. बाई कागद समोर धरत नसत. माप घेत, टाचण्या ओठांत धरत आणि मग एका वेळी एकच प्रश्न, तोही अर्धवट, दातांतून सोडत. तोंडात टाचण्या असलेली बाई मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, 'अगंबाई' म्हणत नाही. समोरचीला ती शांतता सोसत नाही आणि ती बोलायला लागते. शिवाय कमरेला टेप असताना खोटं बोलणं माणसाला जड जातं. बाईंचा बावीस वर्षांचा अनुभव होता. गिऱ्हाईक गेलं की त्या पेन्सिलीनं फॉर्म भरून टाकत.

सात महिने लागले. शाळेतली मुख्याध्यापिका सगळी छापील उत्तरं देऊन गेली आणि जाताना म्हणाली, "कंबर सैल ठेवा हं." बसमध्ये तिकिटं फाडणारी एक म्हणाली, "मी लेकीला काय शिकवणार? सकाळी सहाला घर सोडते. शिट्टी वाजवायला शिकवलंय. लांबून वाजवली की कळतं, आई आली." दातांच्या दवाखान्यातली मदतनीस म्हणाली, "लादी पुसायला शिकवलं, आणि ती पुसायला लागली त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले." कितीतरी जणी म्हणाल्या, की आम्ही शिकवलं असं काही नाही, ती नुसती बघत होती.  सतराव्या प्रश्नाला मात्र बहुतेक जणी म्हणत, "समाधान? नाही हो." दोनशेपैकी एकशे त्रेचाळीस जणींनी नाही म्हटलं. बाईंनी तीनदा मोजलं.

पण त्याआधी दोनशेवा फॉर्म भरायचा राहिला होता. एकशे नव्व्याण्णव झाले त्या रविवारी सकाळी लेक आली. ती आता चष्म्याच्या दुकानात कामाला होती, नवऱ्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिला कोटाची लांबी कमी करून हवी होती. सर आत दाढी करत होते.

"तुला मी काय शिकवलं गं?" बाईंनी खाली बसून टाचणी लावता लावता विचारलं.

"हे काय मध्येच?"

"प्रश्न आहे तसा. चाळिसावा."

"शिवण तर नाही शिकवलंस."

"मुद्दामच नाही शिकवलं."

"स्वयंपाकही नाही."

"तो मला तरी कुठे धड येतो!"

दोघी हसल्या. मग बाईंनी उरलेल्या टाचण्या ओठांत धरल्या. 

"बाबांकडे कसं बघायचं ते शिकवलंस," लेक म्हणाली. "हे असं." तिनं ओठ मिटले आणि डावी भुवई उचलली. बाईंनी खालून वर पाहिलं. तो त्यांचाच चेहरा होता, फक्त कातडी तरुण. "आता मी सगळ्यांकडेच तसं बघते, आई. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की बघते. घरी ह्यांच्याकडे बघते. परवा हे म्हणाले, तू असं बघितलंस ना, की मी काही करायच्या आधीच हरतो. मी म्हटलं, बरं, नाही बघणार. आणि म्हणतानाच बघितलं."

हे सगळं ती रागानं बोलली नाही. कोटाची लांबी सांगावी तसं सांगितलं.   बाईंनी घेर पुरा केला, लेकीला आरशात दाखवला, आणि ती गेल्यावर दोनशेवा फॉर्म स्वतःच्या नावानं, म्हणजे नाव न घालता भरला. चाळिसाव्या प्रश्नापुढे लिहिलं: 'मी मुलीला तिच्या बापाला तुच्छ लेखायला शिकवलं. ती चांगली शिकली.'

पुढच्या रविवारी दुपारी सर फॉर्म तपासायला बसले. बाई शेजारी टेबलावर शर्टाच्या बाह्या बेतत होत्या. सरांनी बेरजा केल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बेरजा केल्या.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

"काय?"

"सतरावा. एकशे त्रेचाळीस बायका नाही कशा म्हणतील? बायका असं म्हणत नाहीत."

"कोणत्या बायका?"

"सर्वसाधारण बायका." सरांनी वहीवर टिचकी मारली. "सामाजीकरणात आईची भूमिका समाधानाची असते. तुला विचारता आलं नसेल नीट. तुझा दोष नाही, त्याचं प्रशिक्षण लागतं."

मग त्यांनी खोडरबर घेतलं. बाईंना आधी कळलंच नाही ते काय करताहेत. नंतर तो आवाज लादी घासल्यासारखा ओळखीचा वाटायला लागला, घास घास घास, एका लयीत. एकेक 'नाही' जात होतं आणि तिथे 'हो' येत होतं. रबराचा भुगा सर फुंकून उडवत आणि तो बाईंच्या पांढऱ्या कापडावर येऊन पडत होता. एकतीस 'नाही' त्यांनी तशीच ठेवली. सगळ्याच समाधानी दाखवल्या तर परीक्षकांना खरं वाटणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. शास्त्रात विश्वासार्हता महत्त्वाची.

शेवटच्या फॉर्मवर ते अडखळले.

"हे ऐक," ते म्हणाले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "'बापाला तुच्छ लेखायला शिकवलं. ती चांगली शिकली.' काय बाई असेल ही! वर लिहून देते. मला तर त्या नवऱ्याची दया येते."

"मलाही," बाई म्हणाल्या.

"बघ! तुलाही पटतं ना?" सर खूश झाले. त्यांनी ती ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, 'नीटनेटकेपणा'.

बाईंना उठून त्यांचा हात धरता आला असता. कागद हिसकावता आले असते. बायका त्यांच्या भरवशावर बोलल्या होत्या, सरांच्या नव्हे. पण बाई कात्री चालवत राहिल्या, आणि सर चहा मागून आत गेल्यावर पाहिलं तर दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या होत्या. बाईंना त्या दिवशी सरांचा आला त्याहून जास्त तिटकारा स्वतःचा आला. इतकी वर्षं भुवई उचलली, हात काही उचलला गेला नाही.

समितीपुढे जायला सरांना नवा कोट लागणार होता. तो शिवायचं काम घरातच आलं. सर हात पसरून आरशासमोर उभे राहिले आणि बाईंनी छातीभोवती टेप फिरवला. मग पाठीवर टाचण्या लावायला घेतल्या. बाकीच्या ओठांत धरल्या. आणि मग, सगळे बोलतात तसे, सरही बोलले.

"त्या दिवशी मी दारापाशी गेलो ना," ते आरशाकडे न बघता म्हणाले, "तर काय बोलावं तेच सुचेना. पंचेचाळीस पोरांसमोर मी सलग बोलतो. पण ती बाई दार उघडून उभी राहिली आणि मला वाटलं, हिला माझ्याबद्दल सगळं कळलंय."

बावीस वर्षांतलं पहिलं खरं वाक्य होतं ते. बाईंना कळलं की आता काहीतरी म्हणायला हवं. तेवढ्यात त्यांची भुवई वर गेली. त्यांनी उचलली नव्हती. ती आपली आपण गेली. सरांनी नेमकं तेव्हाच आरशात बघितलं.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पोटाकडे जरा सैल ठेव."

त्यानंतर ते पुन्हा कधी तसं बोलले नाहीत.

समितीत तिघेजण होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, म्हणे, "दोनशे बायकांत एकीचंही उत्तर विचित्र नाही?" सर म्हणाले, "नमुना काळजीपूर्वक निवडला होता." ही हकिगत सरांनी घरी येऊन दोनदा सांगितली, दोन्ही वेळा आवाज फुगवून. जागा मिळाली. फिरती खुर्ची मिळाली. संशोधन छापून आलं आणि त्यात शेवटी आभार होते: प्राचार्यांचे, ग्रंथपालांचे, छापखान्याचे, आणि 'घरातून मिळालेल्या सहकार्याचे'.

नव्या वर्षी शिकवणीत सामाजीकरणाचं प्रकरण आलं तेव्हा सरांनी वहीत एक नवं पान डकवलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. "लिहा," ते म्हणाले. "एका महत्त्वाच्या संशोधनानुसार सुमारे पंच्याऐंशी टक्के माता मुलींना घरकामाचे वळण लावताना समाधान अनुभवतात."

मशीन थांबलं. ते एवढं अचानक थांबलं, की पोरांनी माना वर केल्या.

"एकशे त्रेचाळीस जणी नाही म्हणाल्या होत्या," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. मग वळल्या. "दोनशेपैकी. मी विचारलं होतं, माझ्या हातानं लिहिलं होतं. ह्यांनी रबरानं खोडलं."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती; टाचण्या तिथे पुष्कळ होत्या. सर हसले. म्हणजे दात दाखवले.

"बाई विनोद करताहेत," ते म्हणाले. "ते लिहू नका."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. हुशार मुलगी. बाईंना वाटलं, ही आता विचारणार: कोणत्या एकशे त्रेचाळीस, का म्हणाल्या नाही?

"सर," मुलगी म्हणाली, "परीक्षेत कोणता आकडा लिहायचा?"

"पंच्याऐंशी."

मुलीनं पंच्याऐंशी लिहिलं आणि पट्टीनं खाली दोन रेघा मारल्या. मग सगळ्यांनीच मारल्या. बाई वळल्या आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

सर चार दिवस अबोल राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी शिकवणी कॉलेजातल्या त्यांच्या नव्या खोलीत हलवली, कारण तिथे 'शांतता' होती. बाकं गेली, खुर्ची गेली. बाईंनी बेतायचं टेबल भिंतीपर्यंत सरकवलं आणि मधोमध कपड्यांची दोरी बांधली. बावीस वर्षांनी खोली एका धंद्याची झाली.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरची बेकरीवाली बाई झगा शिवायला आली. तीही एकशे त्रेचाळीसमधलीच. स्टुलावर चढता चढता म्हणाली, "काय हो बाई, त्या तुमच्या प्रश्नांचं पुढे झालं काय?"

"बढती झाली."

"कुणाची?"

"सरांची."

"आणि आमचं?"

"तुमचं समाधान झालं," बाई म्हणाल्या. "पंच्याऐंशी टक्के. छापून आलंय."

बेकरीवाली इतकी हसली, की टेप कमरेवरून घसरला. बाईंनी तो उचलून पुन्हा लावला.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "माप चुकेल."

"हलत नाही. पण खरं सांगा, मी काय म्हटलं होतं ते आठवतं का तुम्हाला?"

"शब्द न् शब्द."

"बरं," बेकरीवाली म्हणाली. हात वर करून ती नीट उभी राहिली. "कंबर या वेळी दोन बोटं वाढवा."

बाईंनी आकडा लिहून घेतला. पेनानं.